घरविक्रीच्या फोटोंसाठी रुंद लेन्स आणि गिअर हेडचा ट्रायपॉड : सोलापुरातला वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर मी विक्रीच्या घरांचे फोटो मोबाइलवर काढणे बंद केले आणि एपीएस-सी म्हणजे मध्यम आकाराच्या सेन्सरचा (फोटो टिपणाऱ्या चिपचा) एक साधा मिररलेस कॅमेरा, त्याला १० ते १८ मिमीची रुंद कोनाची लेन्स (मिमीचा आकडा जितका लहान तितकी लेन्स रुंद) आणि गिअर हेड, म्हणजे कॅमेरा दात्यांच्या नॉबने थोडाथोडा वळवणारा वरचा भाग, बसवलेला ट्रायपॉड असा संच घेतला. हिवाळा, सोलापूरचा उन्हाळा आणि बहुतेक पावसाळा या संचावर काढल्यानंतर हे लिहीत आहे. कंपन्यांची नावे देत नाही, कारण या वर्गातल्या कॅमेऱ्यांत आणि लेन्समध्ये आमच्या कामापुरता फरक फार थोडा असतो. माझे काम घरांची खरेदी-विक्री जुळवून देण्याचे आहे. जुळे सोलापूर, विजापूर रोड आणि होटगी रोडवरचे फ्लॅट व रो-हाऊस, आणि अधूनमधून पेठांतली जुनी घरे. माझे मत आधीच सांगतो. सर्वाधिक उपयोग ट्रायपॉडच्या हेडचा झाला, त्याखालोखाल लेन्सचा, आणि कॅमेऱ्याचा सर्वांत कमी.

सोलापुरातले घर पाहणारी माणसे बऱ्याचदा सोलापुरात नसतात. मुलगा पुण्यात किंवा हैदराबादला नोकरीला असतो, आई-वडिलांसाठी गावात घर घ्यायचे असते, आणि अडीचशे-तीनशे किलोमीटर गाडी चालवत यायचे की नाही हे तो फोनवरच्या फोटोंवरून ठरवतो. अशा माणसाने दारात पाऊल टाकताच "फोटोत हॉल मोठा दिसत होता हो" असे म्हटले की पुढची बोलणी संपल्यातच जमा असतात. किमतीत दोन लाख कमी करूनही ती नाराजी जात नाही, कारण आता त्याला बाकीच्या गोष्टींवरही विश्वास ठेवणे जड जाते. म्हणून मी चांगल्या फोटोची एकच कसोटी धरतो, ती म्हणजे फोटो पाहून आलेल्या माणसाला घर ओळखीचे वाटले पाहिजे.

रुंद लेन्स या कसोटीवर उतरते की नाही हे ती किती रुंद लावली यावर अवलंबून आहे, आणि ते मोजून पाहता येते. एपीएस-सी सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी असते. समोरच्या भिंतीचे अंतर तिने गुणून लेन्सच्या मिमीने भागले की फोटोत किती रुंदीचा पट्टा बसतो ते कळते. दहा बाय दहाची बेडरूम घ्या. भिंतीपासून ८ फुटांवर उभे राहून १० मिमीवर काढले तर सुमारे १९ फुटांचा पट्टा चौकटीत येतो, म्हणजे समोरची भिंत अर्ध्या रुंदीत आटोपते आणि दोन्ही बाजूंच्या भिंती लांबच लांब पळत गेलेल्या दिसतात. तेथूनच १६ मिमीवर काढले तर पट्टा पावणेबारा फुटांचा होतो. समोरची पूर्ण भिंत बसते, बाजूच्या भिंतींची नुसती चाहूल लागते आणि खोली दहा बाय दहाची आहे तशीच दिसते. त्यामुळे लेन्स १० पासून सुरू होत असली तरी माझा हात बहुतेक वेळा १४ ते १६ च्या दरम्यान थांबतो. अरुंद बाथरूम, जिन्याचे वळण आणि जुन्या घरातला बोळ एवढ्याच ठिकाणी १० वापरतो, कारण तेथे मागे सरकायला जागाच नसते.

रुंदीचा दुसरा दोष चौकटीच्या कडांना दिसतो. सरळ रेषा सरळ ठेवणारी लेन्स कडेच्या वस्तू बाहेरच्या बाजूला ताणते. साखर पेठेतल्या एका घराच्या स्वयंपाकघरात तांब्याची घागर ओट्याच्या टोकाला ठेवलेली होती. १० मिमीवर ती उजव्या कडेला इतकी ताणली गेली की आडवी पडलेली वाटावी, आणि १६ मिमीवर पुन्हा गोल झाली. तेव्हापासून घागर, माठ, गोल स्टूल, छताचा पंखा अशी गोल वस्तू कडेला असेल तर आधी ती मध्याकडे सरकवतो, सरकवता येत नसेल तर कॅमेरा वळवतो.

एवढे करूनही रुंद लेन्सचा फोटो थोडा फसवतोच, म्हणून प्रत्येक खोलीच्या फोटोखाली आतून मोजलेली लांबी-रुंदी लिहितो. रेराच्या (स्थावर मालमत्ता नियमनाच्या) २०१६ च्या कायद्यात चटई क्षेत्राची व्याख्या स्पष्ट आहे: घराच्या आतल्या भिंतींची जागा त्यात धरली जाते, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरली जात नाही. आपल्याकडे जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात अजून सर्रास बिल्टअपचा, म्हणजे बाहेरच्या भिंतींसह क्षेत्राचा, आकडा बोलला जातो, आणि पुण्याहून पाहणारा माणूस तोच आकडा आणि रुंद लेन्सचा फोटो एकत्र करून मनात भलतेच घर उभे करतो. टेपने मोजलेली "१० फूट × ११ फूट ४ इंच" ही ओळ फोटोखाली असली की तो गैरसमज तेथेच थांबतो.

आता हेडविषयी. साध्या बॉल हेडचा एक नॉब सैल केला की कॅमेरा तिन्ही दिशांनी एकदम सुटतो. उजवी-डावी बाजू नीट करावी तर पुढचा-मागचा कल बिघडतो. गिअर हेडला तिन्ही दिशांचे वेगळे नॉब असतात आणि एक नॉब फिरवताना बाकीच्या दोन दिशा जागच्या हलत नाहीत. घराच्या फोटोत हे इतके महत्त्वाचे का, तर कॅमेरा थोडा जरी खाली किंवा वर झुकला की भिंतींच्या उभ्या रेषा वर फाकतात किंवा जवळ येतात, आणि लेन्स जितकी रुंद तितके ते जास्त जाणवते. दाराच्या चौकटी तिरक्या दिसल्या की पाहणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण घर जुनाट आणि दडपलेले वाटते. कॅमेरा समतल ठेवला की हा दोष मुळातच येत नाही, आणि नंतर संगणकावर रेषा ओढून सरळ करताना फोटोच्या कडा कापाव्या लागत नाहीत.

समतल म्हणजे काय हे मात्र कॅमेऱ्यावर पूर्ण सोडू नये. माझ्या कॅमेऱ्याची पडद्यावरची लेव्हल हिरवी होते तेव्हाही किंचित, अर्ध्या अंशाइतका कल राहतो, आणि हेडवरचा बुडबुडा तिसरेच काही सांगतो. यावर मी गवंड्याचा ओळंबा बॅगेत ठेवला आहे. दाराच्या चौकटीला ओळंबा टांगायचा, तो स्थिर होऊ द्यायचा आणि पडद्यावरच्या ग्रिडची उभी रेघ त्याच्या दोरीला जुळेपर्यंत नॉब फिरवायचा. कॅमेऱ्याची लेव्हल किती चुकते हे एकदा कळले की त्या घरात पुन्हा पाहावे लागत नाही. जुन्या घरांत याचा विशेष उपयोग होतो, कारण तेथे भिंती आणि चौकटी स्वतःच ओळंब्यात नसतात आणि त्यांना पाहून कॅमेरा सरळ करू गेले की सगळेच तिरके होते. एका ज्येष्ठ घरमालकांना वाटले की मी त्यांच्या भिंतीचा बाक शोधतो आहे. "काका, भिंत नाही, माझा कॅमेरा तपासतोय," असे सांगून दोरी दाखवली, तेव्हा त्यांनी स्वतःच पंखा बंद केला, कारण वाऱ्याने दोरी डुलत होती.

कॅमेऱ्याची उंची मी छातीइतकी, सुमारे ४ फूट ठेवतो. डोळ्याच्या उंचीवरून काढले की फरशी फार येते आणि सोफा, पलंग बुटके दिसतात. स्वयंपाकघरात मात्र ओट्याचा वरचा भाग जेमतेम दिसेल इतके वर घ्यावे लागते, नाहीतर कडप्प्याची नुसती कड दिसते. काळ्या कडप्प्यावर खिडकीचा पांढरा चट्टा पडतो. तो पोलरायझर (चमक कापणारा) फिल्टर फिरवून बराच कमी होतो. हाच फिल्टर बाहेर आकाशावर वापरू नये, कारण रुंद लेन्समध्ये आकाशाचा एक भाग गडद आणि दुसरा फिका असे पट्टे येतात.

खिडकी हा सोलापुरातला सर्वांत अवघड भाग आहे. मार्च ते मे बाहेरचे ऊन इतके प्रखर असते की खोली नीट दिसावी असा फोटो काढला तर खिडकीच्या जागी पांढरा कागद चिकटवल्यासारखा दिसतो, आणि बाहेरचे झाड दिसावे असा काढला तर खोली अंधारी होते. ट्रायपॉडवर कॅमेरा न हलवता तीन फोटो घ्यायचे : एक नेहमीचा, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचे छिद्र एफ/८ तिन्हींत तेच ठेवायचे, फक्त शटरचा वेळ बदलायचा, आणि बोट लागून हादरा बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा. नंतर तिन्ही एकत्र करायचे. पंखा आणि पडदे या वेळी स्थिर हवेत, नाहीतर त्यांच्या भुतासारख्या सावल्या उमटतात. एकत्र करणारे सॉफ्टवेअर खिडकी पूर्ण उजळ-स्वच्छ करून देण्याच्या नादात भिंतींवर राखाडी मळ आणते. माझ्या मते खिडकी थोडी पांढरी राहू द्यावी, कारण दुपारी खोलीत उभ्या असलेल्या माणसालाही ती तशीच दिसते. खिडकीत कूलर असेल तर मालकांना तो तेवढ्यापुरता काढण्याची विनंती करतो. बहुतेक जण हसत काढून देतात, मे महिना सोडून.

दिव्यांविषयी थोडक्यात : एलईडी ट्यूबचा प्रकाश बहुधा ६५०० केल्विनचा (हे प्रकाशाच्या रंगाचे माप) निळसर, पीओपीतल्या पट्ट्यांचा ३००० चा पिवळा, आणि दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास. तिन्ही एका भिंतीवर पडले की भिंतीचा खरा रंग कोणता हे कोणालाही सांगता येत नाही. दिवसा सगळे दिवे बंद ठेवतो. फ्लॅशची गरज पडलेली नाही.

घराच्या दर्शनी बाजूसाठी दिशा आधी विचारतो. पूर्वाभिमुख घर सकाळी नऊपर्यंत, पश्चिमाभिमुख संध्याकाळी पाचनंतर. उत्तराभिमुख घराचे गणित वेगळे आहे. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन येतच नाही आणि मागचे आकाश उजळ, समोरचे घर काळवंडलेले असा फोटो येतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ त्या भिंतीवर छान तिरपा उजेड पडतो. हिवाळ्यात अशा घरासाठी मी सूर्यास्तानंतरची १५ ते २० मिनिटे धरतो. घरातले सगळे दिवे लावायचे, आकाश अजून निळे असते आणि ट्रायपॉडमुळे एक-दोन सेकंदांचा शटरही चालतो.

जी गोष्ट बाहेरगावच्या जाहिरातींत सहसा दिसत नाही आणि आपल्याकडे आवश्यक आहे, ती म्हणजे पाण्याची व्यवस्था. उजनीचे पाणी असूनही शहरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, आणि सोलापूरकर गिऱ्हाईक हॉलच्या आधी हौद विचारतो. म्हणून हौदाचे झाकण उघडून, आत टॉर्च धरून, कडेला टेप लावून एक फोटो, गच्चीवरच्या टाक्यांचा एक, बोअर असेल तर त्याच्या पॅनेलचा एक असे तीन फोटो मी प्रत्येक घराचे काढतो. येथे रुंद लेन्स लागत नाही, १८ मिमी पुरते. जाहिरात पाहून आलेल्या फोनवर या फोटोंबद्दलच सर्वाधिक बोलणे होते, आणि ज्यांचे समाधान होत नाही ते येण्याआधीच नाही म्हणतात. यात त्यांचाही दिवस वाचतो आणि मालकांचाही.

काढलेल्या फोटोंत बदल कुठवर करावा याबद्दल मी ठाम आहे. रंग, उजेड आणि सरळपणा दुरुस्त करतो. ओल, तडा, समोरचा विजेचा खांब, शेजारचे अपुरे बांधकाम यांना हात लावत नाही, आणि ढगाळ दिवशी काढलेल्या घरावर निळे आकाश चिकटवत नाही. देवघराचा फोटो मालकांना विचारल्याशिवाय घेत नाही. भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो, औषधांची कपाटे, दारातल्या गाडीची नंबर प्लेट चौकटीबाहेर ठेवतो. अनोळखी माणसे ते फोटो वर्षानुवर्षे पाहत राहणार असतात. पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, म्हणजे त्यांचा दर्जा उतरत नाही.

संचाच्या तक्रारी सांगितल्या पाहिजेत. ट्रायपॉड हेडसह अडीच-तीन किलोंचा आहे आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नेताना ते जाणवते. पूर्व भागात यंत्रमाग असलेल्या घरांत कापसाचे बारीक तंतू पायांच्या लॉकमध्ये आणि नॉबच्या दात्यांत शिरतात. महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने साफ केले नाही तर नॉब अडखळत फिरतो. उन्हाळ्यात बंद गाडीत राहिलेल्या कॅमेऱ्याने तापमानाची सूचना दाखवून काम थांबवले होते, म्हणून तो आता सोबत उतरवतो. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही. लेन्स १० मिमीवर कडेच्या भिंती पिंपासारख्या फुगवते. कॅमेरा जेपेगमध्ये ते आपोआप सुधारतो, पण रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडताना लेन्सचे प्रोफाइल, म्हणजे त्या लेन्सच्या दोषांची तयार दुरुस्ती, लावावे लागते.

स्वतःचे एकच घर विकायचे असेल त्यांनी कॅमेरा घेऊ नये. मोबाइलची मुख्य लेन्स, जिच्यावर बहुधा २४ मिमीच्या आसपासचा आकडा असतो पण मापाची पद्धत वेगळी असल्याने जी माझ्या कॅमेऱ्यावरच्या १६ मिमीइतकी रुंद असते, ट्रायपॉडवर समतल बसवून चांगल्या उजेडात काढली की पुरेसे होते. मोबाइलची सर्वांत रुंद लेन्स मात्र टाळावी. महिन्याला अनेक घरे हाताळणाऱ्या एजंटांनी आधी ट्रायपॉड आणि गिअर हेड घ्यावे, काही दिवस मोबाइल त्यावर बसवून काढावे, आणि अरुंद खोल्यांत खरोखर अडायला लागले की मग लेन्स आणि कॅमेऱ्याकडे वळावे. कॅमेरा जुना घेतला तरी चालतो. हेड मात्र नवे आणि दुकानात स्वतः फिरवून पाहूनच घ्यावे, कारण ढिले दाते बाहेरून दिसत नाहीत. कॅमेरा लेन्ससह बसवून, नॉब थांबवून हळूच खाली दाबून पाहिला की लगेच कळतात.