जुना हायब्रिड ट्रेलर घेताय? दोन्ही बाजू उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

आमचे 4 लाख 60 हजार अडकलेत. त्यातले 2 लाख वडिलांच्या रिटायरमेंटचे होते, म्हणून जास्त जीवाला लागलंय आणि म्हणूनच सगळं लिहितोय.

वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लॉजचे जिने जमत नाहीत, पण पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर हे फिरणं सुटत नाही. घरात बोलेरो आहेच, मग मागे जोडायचा कॅराव्हॅन ट्रेलर घ्यावा असं ठरलं. हायब्रिड म्हणजे मधली खोली पक्क्या भिंतींची, आणि पुढच्या-मागच्या टोकाला फळी खाली पाडली की पलंग बाहेर येतो, त्याच्यावर कापडाचा तंबू. वजनाला हलका, झोपायला जागा भरपूर. नवीन परवडत नव्हता म्हणून जुना बघत होतो, पुण्याकडच्या एका डीलरची जाहिरात दिसली.

एप्रिलमध्ये बघायला गेलो. ट्रेलर भिंतीला चिकटून लावलेला. पुढची बाजू उघडून दाखवली, कापड चांगलं होतं. मागची उघडा म्हटलं तर म्हणे, साहेब इथे जागा नाही, दोन्ही बाजू सेमच आहेत. आत जमिनीवर नवीन व्हिनाइल (प्लॅस्टिकचं आच्छादन) टाकलेलं, नवीन रंगाचा वास, वर अजून फ्रेशनर मारलेला. तो वास कशाला झाकायला होता ते जूनमध्ये कळलं. कागदपत्र मात्र एकदम क्लिअर, आरसी बरोबर, चासी नंबर जुळला, मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या तयार, आणि कागद एवढे चोख बघून आमचा विश्वास बसला, मी तर त्याच दिवशी ॲडव्हान्स दिला.

सोलापूरचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये काहीच कळलं नाही. जूनमध्ये तुळजापूरजवळ पाहुण्यांच्या शेतात मुक्काम होता, रात्री पाऊस आला आणि मागच्या पलंगाच्या कोपऱ्यातून पाणी यायला लागलं, टपटप नाही, धार. मुलं उठून मध्ये आली. सकाळी वडील चप्पल घालायला वाकले तर ट्रेलरची पायाखालची जमीन दबली. नशीब, दाराची कड धरली त्यांनी.

घरी आल्यावर ओळखीच्या सुताराला बोलावून व्हिनाइल उचललं. खालचा प्लायवूड काळा पडलेला, हाताने कुसकरला तर भुगा. हे दोन महिन्यात होत नाही हो, हे दोन-तीन पावसाळ्यांचं पाणी आहे. छताच्या जॉइंटमधून आणि फळीच्या बिजागरीच्या रबरातून पाणी आत शिरायचं, आणि कुजलेला भाग दुरुस्त न करता त्याच्यावरच व्हिनाइल चिकटवून दिलं, मग खालचं पाणी वाळायला वाटच नाही. छतावर चढून बघितलं तर जुन्या सीलंटवर (सांधे बुजवायच्या लेपावर) पांढरा सिलिकॉन थापलेला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरने सांगितलं की सिलिकॉनवर दुसरं सीलंट धरत नाही, आता सगळं खरवडून काढल्याशिवाय काही करता येत नाही.

कापडाचं आमच्या मामांनी ओळखलं. सोलापूरच्या पूर्व भागात तीस वर्षं पॉवरलूमवर काढलीत त्यांनी. मागचा तंबू पूर्ण उघडला, शिवणीजवळ दोन्ही हातांनी ताणला आणि म्हणाले, ताण्याचा, म्हणजे उभा धागा उन्हाने जळालाय रे, वरनं नुसता स्प्रे मारलाय. आतल्या बाजूचं कोटिंग नखाने पापुद्र्यासारखं निघत होतं आणि घडीत काळी बुरशी. ओलं कापड तसंच घडी घालून ठेवलं की असंच होतं. पावसात तंबू बंद करावा लागला तर एक-दोन दिवसात उघडून खडखडीत वाळवायला पाहिजे, आणि बुरशी काढायला ब्लीच वापरू नका, कोटिंग जातं.

टायरही खोटे निघाले. डीलर दोन वर्षांपूर्वी टाकलेत म्हणाला होता, पॉलिश मारून चकचकीत केलेले. साइडला चार आकडे असतात, आमच्यावर 1115 होतं, म्हणजे 2015 सालचा अकरावा आठवडा. असल्या टायरवर मी घरच्यांना घेऊन हायवेला गेलो होतो, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

तुम्ही बघायला जाल तेव्हा ट्रेलर मोकळ्यात ओढून घ्यायला सांगा, दोन्ही बाजू उघडा, छतावर पाण्याचा पाइप दहा-पंधरा मिनिटं सोडा आणि आत बसून कोपरे बघा. बाहेरची भिंत तिरक्या उन्हात कडेने बघितली की फुगलेला भाग लगेच दिसतो. लाकडातला ओलावा मोजायचं दोन पिनांचं मीटर मिळतं, 15 टक्क्यांच्या खाली असेल तर ठीक, 20 च्या वर गेलं तर परत या. जमिनीवर कोपऱ्या-कोपऱ्यात टाच दाबून चाला, गालिचा असेल तर उचला.

डीलरला फोन केला तर म्हणाला पावतीवर "जसा आहे तसा" लिहिलंय. खरंच होतं, खाली बारीक अक्षरात. पण व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः "लिकेज कुठेही नाही" असं लिहिलेलं आहे, ते मी जपून ठेवलंय. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला नोंद केली, वकिलामार्फत नोटीस गेली, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे सोलापुरातच, पुण्याला हेलपाटे नाहीत, फक्त दोन वर्षांच्या आत करावी लागते. म्हणून बोलणं तोंडी ठेवू नका, जे विचाराल ते मेसेजवर विचारा.

परवा त्याच यार्डाची दुसऱ्या ट्रेलरची जाहिरात आलीय. आठ फोटो आहेत, आणि आठही फोटोत एकच बाजू उघडलेली आहे.