८×४२ दुर्बीण: गॅलरीतल्या एका वसंतानंतर

माझी आधीची दुर्बीण १०×५० ची होती, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं. आकडा मोठा तितका पक्षी मोठा दिसेल, अशा समजुतीने घेतलेली. ती कपाटातच राहिली, कारण मला बघायचे होते ते पक्षी तळ्यापलीकडे नव्हते, गॅलरीच्या कठड्यापासून चार हातांवरच्या फांदीवर होते. आणि तिच्यातून सहा मीटरच्या आतलं सगळं धूसर दिसे. शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी, समोर येऊन बसला की मी दोन पावलं मागे सरकायची, पाठीला भिंत लागायची, तोवर पक्षी गेलेला असायचा.

म्हणून ही नवी दुर्बीण घेताना पहिला प्रश्न विचारला तो हाच: किती जवळचं स्पष्ट दिसतं? उत्तर होतं दोन मीटर. घराभोवतीचे पक्षी बघणाऱ्याने बाकी सगळे आकडे नंतर बघावेत, असं माझं ठाम मत झालंय.

शिंजिराचा नर साध्या डोळ्यांना काळा ठिपका वाटतो. तीन मीटरवरून या दुर्बिणीतून पाहिला आणि त्याने मान वळवली, तसा काळ्याचा निळा झाला, निळ्याचा जांभळा. हा रंग पिसांच्या रचनेवर प्रकाश कसा पडतो त्यावर ठरतो, हे वाचलेलं होतं. डोळ्यांदेखत बदलताना पहिल्यांदाच पाहिलं. मादीने पुढे पलीकडच्या झुडपावर घरटं बांधायला घेतलं. कोळ्याचं जाळं चोचीत आणून ती काड्या आणि वाळकी पानं एकमेकांना चिकटवत होती. बांधकामात नराचा हातभार नाही, नुसती तिच्यामागून ये-जा. हे सगळं मी घरात बसून, दहा मीटरवरून पाहिलं. घरट्याजवळ जावं लागलं नाही, हा मला दुर्बिणीचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

तांबट पक्ष्याचं टुक्‌ टुक्‌ जन्मभर ऐकत आले. यंदा सकाळी निष्पर्ण शेंड्यावर बसलेला सापडला, तेव्हा कळलं की तो चोच मिटूनच ओरडतो! प्रत्येक टुक्‌ला फक्त गळा फुगतो.

आठपटच का, दहापट का नाही? दहापटीत हाताची थरथरही तेवढीच वाढून दिसते, आणि दिसणारा भाग अरुंद होतो. पानांत सतत उड्या मारणारा शिंपी पक्षी दहापटीत मला कधी सापडलाच नाही. शिवाय ४२ मिलिमीटरच्या भिंगाला आठाने भागलं की सव्वापाच येतात. डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत तेवढा रुंद. १०×४२ मध्ये तो ४.२ चा होतो. पहाटेच्या अंधुक उजेडात हा फरक स्पष्ट जाणवतो, आणि पक्ष्यांची खरी गडबड तेव्हाच असते.

मला चष्मा आहे. डोळा भिंगापासून १७ मिलिमीटर दूर राहिला तरी पूर्ण चित्र दिसतं, त्यामुळे रबरी कडा खाली फिरवून चष्म्यासकट बघता येतं. चष्मेवाल्यांनी १५ च्या खालची घेऊ नये.

आता तक्रारी. वजन सुमारे ७०० ग्रॅम, आणि सोबतचा पट्टा इतका अरुंद की अर्ध्या तासात मान भरून येते. मी खांद्यांवर भार घेणारा पट्टा लावला, तेव्हा त्रास संपला. ज्यांना रोज गळ्यात घालून फिरायचं आहे त्यांनी ८×३२ चा विचार करावा. उजव्या डोळ्याचा नंबर जुळवायची कडी फार सैल आहे, नकळत फिरते आणि चित्र बिघडतं. भिंगांची झाकणंही आपोआप गळून पडतात. आणि बंद काचेतून बघून दुर्बिणीला दोष देऊ नका. मीही आधी दिला होता. खिडकी उघडल्यावर चित्र स्वच्छ झालं.

आईचे हात कापतात, म्हणून तिला कोपरं कठड्यावर टेकवायला सांगितली. तिला शिंपी सापडला. तो ओरडत होता. "अगं, याच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी काळं आहे, ओरडला की दिसतं," ती म्हणाली. मी इतके दिवस त्याला बघत होते, पण माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून सकाळचा पहिला अर्धा तास दुर्बीण तिच्याकडे असते.