झाडीपट्टीचं नाटक की खंजिरी भजन?

कलेतून माणसं जागी करायची आणि त्यातच आयुष्य घालायचं, असं ठरवलेल्याला आपल्याकडे, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, दोन रस्ते जवळचे. नाटक मंडळ्यांचं ठाणं असलेल्या वडसा-देसाईगंजला जाऊन एखाद्या मंडळीत शिरायचं, नाहीतर गावातच खंजिरी, म्हणजे भजनात वाजवायची छोटी डफली, हाती घ्यायची.

नाटकाची ताकद मोठी, यात वाद नाही. दिवाळी ते होळी हंगाम. मंडई (गावची जत्रा) असो की शंकरपट (बैलांची शर्यत), घरोघरी पाहुणे आणि रात्री मांडव गच्च. नाईटप्रमाणे, म्हणजे प्रयोगागणिक पैसे मिळतात, पावसाळ्यात धानाची शेती सांभाळता येते. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, त्यामुळे घरच्यांना समजावणंही थोडं सोपं झालं असावं. नवख्याचं अडतं ते विंगेतून वाक्यं सांगणाऱ्या प्रॉम्प्टरपाशी: चालू वाक्य बोलता बोलताच पुढचं कानात धरावं लागतं, आणि नजर विंगेत गेली की प्रसंग पडलाच. शेवटचा अंक तरी पाठ असू द्या. बोलता बोलता माइकपासून दूर सरकू नका. मागच्या रांगांना नुसते ओठ हलताना दिसतात.

मला खटकतं ते वेळेचं गणित. आधी उद्घाटन, सत्कार, भाषणं. मग विनोद, नाच, वन्समोअर. दारू, हुंडा, कर्ज यांवरचा जो प्रवेश लिहिण्यासाठी लेखकानं रात्री जागवल्या, तो येतो पहाटे तीन-चारला. तोवर पोरं आईच्या मांडीवर झोपलेली, आणि ज्याच्या कानी तो पडायला हवा तो कधीच घरी गेलेला. उजाडलं की मंडळी गाडीत बसून पुढच्या गावाला. रडलेला प्रेक्षक दुसऱ्या दिवशी भेटतच नाही.

भजनात ऐकणारा समोरच बसतो आणि धृपद तोच उचलतो. 1942 च्या चिमूर-आष्टीच्या उठावामागे तुकडोजी महाराजांच्या भजनांची प्रेरणा होती. एक खंजिरी, पेटी, ढोलकी किंवा तबला आणि टाळांचे दोन-तीन जोड, एवढ्यावर मंडळ उभं राहतं. कातडी खंजिरी पावसाळ्यात सैल पडून भद्द वाजते. निखाऱ्यापासून लांब धरून, फिरवत शेकावी. जवळ नेली तर कातडं तडकतं. कातड्याऐवजी फायबरचं पान लावलं तर हा त्रास नाही, पण तो गोलवा येत नाही, असं माझ्या कानाला वाटतं.

मंडळ मोडतं ते बहुधा सुरामुळे. म्होरक्या आपल्या गळ्याच्या तोऱ्यात पट्टी चढवतो आणि मागचे गप्प होतात. पुरुषांना पेटीची काळी एक-दोन पट्टी पुष्कळ झाली. बायका सोबत असतील तर एखादं भजन काळी चारला घ्यावं, त्यात पुरुषांनी फक्त टाळ धरावेत. लय पहिल्या अंतऱ्यालाच दुगुणीत, म्हणजे दुप्पट वेगात, नेऊ नका. पाऊण तासात उठा.

उणं आहेच. पैसा नाही, आणि समोर तेच ते म्हातारे चेहरे. शाळकरी पोरांच्या हातात खंजिरी दिल्याशिवाय ते बदलत नाही. ताल चुकला तरी काढून घेऊ नये.

अंगात अभिनय सळसळत असेल तर एक हंगाम मंडळीत जरूर काढा. होळीनंतर गावात भजन सुरू करता येतं. उलटं मात्र जमवायला कठीण: बसतं झालेलं मंडळ दिवाळीला सोडून गेलात, तर परत येईपर्यंत बसणारे पांगलेले असतात.