विज्ञानाची पुस्तकं घ्यायचीत? मग कुठल्या पुरस्काराची यादी धरावी?

वाचनालयासाठी म्हणा, घरासाठी म्हणा, वर्षाला विज्ञानाची दोन-चारच इंग्रजी पुस्तकं घेणं परवडणार असेल, तर पुरस्कारांच्या याद्यांचा मोठा आधार होतो.

माझं मत विचाराल, तर लंडनच्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिकांच्या संस्थेची यादी धरा. 1988 पासूनचा हा पुरस्कार फक्त सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या विज्ञानाच्या पुस्तकांना मिळतो. प्रायोजक बदलला की नावही बदलतं: आव्हेंटिस, विंटन, इनसाइट इन्व्हेस्टमेंट, आता त्रिवेदी. शोधताना गोंधळू नका, पुरस्कार तोच आहे. विजेत्याला 25,000 पौंड मिळतात, पण आपल्या कामाची आहे ती सहा पुस्तकांची अंतिम यादी. 2023 चं विजेतं, एड याँग यांचं ‘ॲन इमेन्स वर्ल्ड’ घ्या. सुरुवातीलाच एका खोलीत हत्ती, उंदीर, वटवाघूळ, साप, डास आणि रिबेका नावाची बाई अशी सगळी मंडळी जमवली आहेत. खोली एकच, पण सापाला उंदराच्या अंगातली ऊब जाणवते, वटवाघूळ स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतं. एकही व्याख्या न सांगता ज्ञानेंद्रियांचा सगळा विषय समोर उभा राहतो. असं लिहिणं फार अवघड असतं, आणि ही यादी त्याचीच कदर करते.

वेलकम पुरस्कार आरोग्य आणि वैद्यकावरच्या पुस्तकांचा. त्यात कादंबऱ्याही असत, रक्कमही मोठी, 30,000 पौंड. 2009 ला सुरू झाला, 2019 नंतर थांबला. तरी जुनी यादी सोडू नका. 2010 चं रिबेका स्क्लूट यांचं पुस्तक हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईचं आहे. 1951 मध्ये तिला न विचारता घेतलेल्या पेशी आजही प्रयोगशाळांत वाढताहेत. घरात कुणी डॉक्टर किंवा नर्स असेल, तर आधी हेच घ्या.

अमेरिकेच्या पुलित्झर पुरस्कारावर विज्ञानासाठी विसंबू नका. त्याच्या ललितेतर विभागात 2011 ला सिद्धार्थ मुखर्जींचं कर्करोगावरचं उत्तम पुस्तक आलं, 2016 ला मात्र इसिस या दहशतवादी संघटनेवरचं.

युनेस्कोचा कलिंग पुरस्कार पुस्तकाला नसतो, विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्या व्यक्तीला असतो. 1996 ला तो जयंत नारळीकरांना मिळाला. इंग्रजी जड जात असेल, तर त्यांच्या मराठी पुस्तकांपासून सुरुवात करा.

आणि घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल, तर रॉयल सोसायटीचीच मुलांसाठीची वेगळी यादी बघा. तिथला विजेता शाळकरी मुलंच निवडतात.