मणक्यातली गोळी: काढायची की राहू द्यायची?

माझ्या मामेभावाला ड्युटीवर असताना पाठीत गोळी लागली. घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं, "आधी ती गोळी काढा". न्यूरोसर्जन म्हणाले आत्ता काढायची नाही, तेव्हा मामी रडत त्यांच्या पाया पडायला निघाली, आम्हाला वाटलं टाळतायत. आज कुणाच्या घरावर हीच वेळ आली असेल तर त्यांच्यासाठी लिहितोय, कारण आम्ही पहिले दोन दिवस चुकीच्याच प्रश्नावर भांडण्यात घालवले.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की मज्जारज्जूचं नुकसान बहुतेक वेळा गोळी आत बसून राहिल्यामुळे होत नाही, ती जाताना जो धक्का बसतो त्याने त्याच क्षणी होऊन जातं. कधी कधी तर गोळी रज्जूला न शिवता शेजारून जाते तरी पाय जातात. म्हणून विचारायचं ते हे, की गोळी काढली तर नक्की काय परत मिळणार आणि त्यासाठी काय पणाला लागणार.

उत्तर जागेवर अवलंबून आहे. भावाला लागली होती छातीच्या दहाव्या मणक्यात, डॉक्टर त्याला डी-१० म्हणतात. सीटीच्या फिल्मवर गोळीभोवती फुलबाजीसारख्या पांढऱ्या रेघा, मधलं काही दिसतच नव्हतं. डॉक्टरांनी टाचणीने छातीपासून खाली टोचत टोचत "इथे कळतंय का?" विचारलं आणि बेंबीजवळ जिथे कळायचं थांबलं तिथे पेनाने रेघ मारली. मग गुदद्वाराजवळही स्पर्श कळतो का ते पाहिलं. आम्हाला ते विचित्र वाटलं पण इजा पूर्ण की अपुरी हे तिथेच ठरतं, खाली थोडंसं जरी कळत असेल तर आशा बरीच वाढते. दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ तिथेच, खाली काहीच नाही. अशी पूर्ण इजा मानेत किंवा छातीच्या मणक्यात असेल तर गोळी काढून पायाची पॉवर परत येत नाही, आजवरचा अनुभव हाच सांगतो. उलट ऑपरेशनमध्ये मणक्यातलं पाणी गळायला लागणं, इन्फेक्शन, मेनिंजायटिस म्हणजे मेंदू आणि रज्जूच्या आवरणाला सूज, चांगला असलेला मणका हाड काढल्यामुळे डळमळीत होणं, हे सगळं अंगावर घ्यावं लागतं. अशा केसमध्ये मी तरी ऑपरेशनच्या मागे लागू नका असंच म्हणेन.

कमरेत मात्र गणित बदलतं. डी-१२ म्हणजे छातीच्या शेवटच्या मणक्याच्या खाली, साधारण एल-४ म्हणजे कमरेच्या चौथ्या मणक्यापर्यंत, रज्जू संपत आलेला असतो आणि पुढे नसांचा झुपका असतो, आणि या नसा रज्जूपेक्षा चिवट. तिथे गोळी थेट कालव्यात, म्हणजे नसांच्या नळीत, अडकली असेल तर ती काढल्यावर पायांची ताकद जास्त सुधारते असं दिसून आलंय, त्यामुळे इथे डॉक्टर "राहू द्या" म्हणाले तर का राहू द्यायची हे नीट विचारा, दुसरं मतही घ्या.

आणि जागा कुठलीही असो, काल पाय हलत होता आणि आज हलत नाहीये, आणि स्कॅनमध्ये गोळी, हाडाचा तुकडा किंवा रक्ताची गाठ दाबतेय असं दिसतंय, तर मग चर्चा नको, ताबडतोब ऑपरेशन. जखमेतून पाण्यासारखं गळणं थांबतच नसेल तरी करावं लागतं. मणका अस्थिर असेल तर रॉड-स्क्रू बसवतात, पण गोळीच्या जखमेत बहुतेक वेळा मणका स्थिरच राहतो.

शिशाचं विष पसरेल ही भीती आम्हालाही होती. मांसात किंवा हाडात बसलेल्या गोळीभोवती शरीर स्वतःच एक आवरण तयार करतं, ती सहसा त्रास देत नाही. दोन मणक्यांमधल्या डिस्कमध्ये किंवा सांध्याच्या पाण्यात असेल तर शिसं विरघळू शकतं, क्वचित होतं, पण रक्तातलं शिसं अधूनमधून तपासून घ्या. नसांच्या जळजळीच्या वेदनेसाठी गोळी काढून फारसा फायदा होत नाही, त्यावर औषधंच.

न काढता काय करतात? काहीच नाही असं नसतं. जखम साफ करणं, धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिक. गोळी पोटातून मोठं आतडं फोडून मणक्यात गेली असेल तर आधी पोटाचं ऑपरेशन आणि अँटिबायोटिक आठवडा-दोन आठवडे, ते अर्ध्यावर सोडू नका. स्टिरॉइड या जखमेत देत नाहीत, फायदा नाही आणि इन्फेक्शन वाढतं. एमआरआयच्या आधी गोळी कशाची आहे ते विचारा, शिसं-तांबं चुंबकाला ओढलं जात नाही, स्टील ओढलं जातं.

पोलिसांना पुरावा म्हणून गोळी हवी असते, पण तेवढ्यासाठी पाठ उघडायची नसते. आणि आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार नंतर, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलंय, कुणी अडवलं तर हेच सांगा.

मामीला शेवटी कशाने पटलं तर दोन गोष्टींनी. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना १८८१ मध्ये गोळी लागली, कमरेच्या पहिल्या मणक्यातून गेली, रज्जू वाचला होता, पण डॉक्टर न धुतलेली बोटं घालून गोळी शोधत राहिले, जखम सडली आणि अडीच महिन्यांनी ते गेले. आणि दुसरे आपल्या सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यात तशीच राहिली, आणि त्याच माणसाने १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात भारतासाठी सुवर्णपदक आणलं. मामी ते नाव ऐकून गप्प बसली आणि मग म्हणाली, "मग पुढं काय करायचं ते सांगा".

पुढचं ऑपरेशन झालं तरी तेच आणि नाही झालं तरी तेच. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, रात्रीसुद्धा. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून इंजेक्शन, लघवीसाठी दर चार-सहा तासांनी नळी घालायला शिकणं. भावाच्या टाचेवर पाचव्या दिवशी रुपयाएवढा लाल डाग दिसला, दाबला तरी पांढरा होईना, त्याला तर काही दुखतच नव्हतं, आम्ही सगळे फिल्म घेऊन दुसरं मत विचारत फिरत होतो आणि पायाकडे कुणी बघितलंच नव्हतं. तो बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने दाबाची झालेली जखम, भरायला तीन महिने गेले आणि तेवढं रिहॅब, म्हणजे व्यायाम-प्रशिक्षण, लांबलं. त्यामुळे गोळीचा निर्णय व्हायचा असेल तेव्हा होईल, एअर मॅट्रेस आजच मागा आणि चादर वर करून दोन्ही टाचा आणि माकडहाड बघा.