ऑक्सिजन सेन्सर तपासायला आधी काय घ्यावं: ओबीडी डोंगल की मल्टिमीटर?

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि कोड ऑक्सिजन सेन्सरचा निघाला, की दोन सल्ले हमखास मिळतात. मित्रमंडळी म्हणतात, 'ब्लूटूथ डोंगल मागव, मोबाइलवर सगळं दिसतं.' जुना ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतो, 'मीटर लावून बघा आधी.' साधा डोंगल आणि बऱ्यापैकी डिजिटल मल्टिमीटर यांच्या किमतीत फारसा फरक नाही, त्यामुळे आधी काय घ्यावं हा प्रश्न खरा आहे. मी दोन्ही वापरतो. दोन्हींचे उपयोग वेगळे आहेत हे खरं, तरी एकच घ्यायचं असेल तर माझा कल एका बाजूला आहे आणि त्याचं कारण तसं छोटंच आहे.

माझी गाडी बीएस-४ काळातली, चार सिलिंडरची पेट्रोल. पुढचा ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी बसलेला, साधा, चार वायरींचा झिर्कोनिया प्रकारचा. ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली होणारा: पेट्रोल जास्त तर वर, कमी तर खाली. पुढचं सगळं अशा सेन्सरला धरून आहे.

डोंगलच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. स्टिअरिंगखाली हात घालून तो ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या, सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये खोचला की काम सुरू. बॉनेट उघडायला नको, हात काळे व्हायला नकोत. कोड कळतो, कोड आला त्या क्षणी इंजिन किती तापलेलं होतं, आरपीएम किती होता हेही कळतं. आणि फ्युएल ट्रिम दिसते, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा. माझ्या मते डोंगलची खरी किंमत इथेच वसूल होते. लाँग टर्म ट्रिम अधिक वीसच्या घरात असेल, तर ईसीयू पेट्रोल वाढवत चाललाय हे कळतं. ही गोष्ट मीटर तुम्हाला कधीच सांगणार नाही. मागच्या सेन्सरचं तसंच. पुढचा नाचतोय आणि मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत आहे, म्हणजे कॅट ठीक काम करतोय. मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागला तर पी ०४२० ची, म्हणजे कॅट नीट काम करत नसल्याच्या कोडची, तयारी ठेवायची. हे गाडी चालवताना बघण्यात मजा आहे, अर्थात मोबाइल शेजारी बसणाऱ्याच्या हातात हवा.

वेगाची मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते. गरम झालेल्या इंजिनाला २५०० आरपीएमवर धरलं, तर चांगला सेन्सर दहा सेकंदांत आठ-दहा वेळा तरी मधली ०.४५ व्होल्टची रेघ ओलांडतो. स्वस्त डोंगल के-लाइनच्या, म्हणजे डेटा हळू पाठवणाऱ्या जुन्या जोडणीच्या, गाडीवर लावला आणि स्क्रीनवर सहा-सात आकडे एकदम मागितले, तर प्रत्येक आकडा सेकंदाला एकदाही धड येत नाही. मग धडधाकट सेन्सरही सुस्त दिसतो आणि सुस्त सेन्सर धडधाकट. उपाय सोपा आहे, स्क्रीनवर पुढच्या सेन्सरचा एकच आकडा ठेवायचा. कॅन ही नवी, वेगवान जोडणी असलेल्या गाड्यांत हा त्रास बराच कमी होतो. त्यामुळे एवढ्यावरून मी डोंगलला बाद केलं नसतं.

माझा निर्णय झाला तो सकाळच्या पहिल्या स्टार्टवर.

ऑक्सिजन सेन्सर साधारण तीनशे-साडेतीनशे अंशांच्या खाली काही बोलत नाही. त्याला लवकर तापवायला आत हीटर असतो. हीटर चांगला असेल तर सेन्सर मिनिटाभराच्या आत जागा होतो. हीटर गेलेला असेल तर धुराच्या उष्णतेवर रेंगाळत तापतो आणि सिग्नलला गाडी उभी राहिली की पुन्हा निवतो. तोवर ईसीयू अंदाजाने पेट्रोल सोडत राहतो आणि ॲव्हरेज पडतं. म्हणजे जे बघायचंय ते सगळं पहिल्या मिनिट-दीड मिनिटात घडतं, आणि तेही इंजिन पूर्ण थंड असेल तरच. रात्रभर उभ्या गाडीवर ही संधी दिवसाला एकदाच मिळते.

आता डोंगल काय करतो बघा. इग्निशन ऑन केलं, ॲप जोडलं गेलं, ग्राफ तयार आहे. चावी फिरवली. स्टार्टर फिरताना बॅटरीचा व्होल्टेज खाली जातो, डोंगलवरचे दिवे विझतात, पुन्हा लागतात, आणि ॲपवर 'कनेक्ट होत आहे' असं गोल गोल फिरायला लागतं. कधी आपोआप जोडलं जातं, कधी ब्लूटूथ बंद-चालू करावं लागतं. आकडे परत दिसेपर्यंत सेन्सर जागा झालेला असतो. तो किती वेळात जागा झाला हे कळायला दुसरी सकाळ उजाडावी लागते. दुसऱ्या सकाळीही तेच. बॅटरी नवी असेल, डोंगल जरा दर्जेदार असेल तर हे कमी होतं, हेही सांगायला हवं. पण बाजारात मिळणारे बहुतेक डोंगल कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सच्या ईएलएम ३२७ या चिपच्या नकला आहेत. त्यातला कोणता चांगला निघेल हे पाकीट फोडल्याशिवाय कळत नाही.

मीटरला हा प्रश्नच नाही. त्याची स्वतःची बॅटरी असते, गाडीचा व्होल्टेज पडो की चढो. आदल्या रात्री सेन्सरच्या कनेक्टरमागून सिग्नलच्या वायरीशेजारी बारीक पिन सरकवून ठेवायची, मीटरची लाल वायर तिला, काळी वायर सेन्सरच्या ग्राउंडला. वायरी फॅन, बेल्ट आणि मॅनिफोल्डपासून दूर बांधून घ्यायच्या. बऱ्याच सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी ग्राउंडची असते, तरी आपल्या गाडीचा वायरिंग डायग्राम बघून घेतलेला बरा. सकाळी स्टार्ट मारायचा आणि आकड्याकडे बघत राहायचं. माझ्या गाडीत तो आधी ०.४५ च्या आसपास चिकटून बसतो, कारण तो व्होल्टेज ईसीयूनेच दिलेला असतो. मग शेवटचा अंक थरथरतो. मग ०.३८, ०.५२, आणि एकदम ०.८ ला उडी, लगेच ०.१५. सेन्सर जागा झाला. हीटर ठीक असताना याला किती वेळ लागतो हे एकदा डोळ्यांनी बघितलं, की पुढे कधी उशीर झाला तर घड्याळ न बघताही कळतं.

दुसरी गोष्ट हीटरच्या कोडची. पी ०१३५ किंवा पी ०१४१ आला की डोंगल म्हणतो हीटर सर्किटमध्ये दोष. सर्किटमध्ये, हा शब्द महत्त्वाचा. फ्यूज, रिले, वायर, कनेक्टर, हीटर, यांतलं काहीही असू शकतं. माझ्या गाडीला हा कोड आला तेव्हा गॅरेजमध्ये स्कॅनर लावून 'सेन्सर गेलाय, बदला' एवढंच सांगितलं गेलं, आणि ओरिजिनल सेन्सर म्हणजे काही हजारांचं काम. घरी येऊन, इंजिन निवल्यावर, कनेक्टर सोडून हीटरच्या दोन वायरींत ओहम मोजले. काही ओहम आले, म्हणजे हीटर शाबूत होता. तुटलेला असता तर मीटरने 'ओएल' दाखवलं असतं. मग गाडीच्या बाजूच्या कनेक्टरवर इंजिन चालू ठेवून बघितलं, तर १२ व्होल्ट येतच नव्हते. फ्यूज चांगला होता. वायर हाताने चाचपत गेलो तर हीट शील्डच्या कडेला तिचं आवरण वितळून आतली तार तुटलेली सापडली. सोल्डर, श्रिंक स्लीव्ह, आणि वायर शील्डपासून लांब बांधून टाकली. तोच सेन्सर आजही चालू आहे. डोंगल कितीही महागडा असता तरी हे त्याने दाखवलं नसतं.

मीटरचे तोटे लपवणार नाही. कोड वाचता येत नाही, त्यामुळे पहिला कोड कोणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो. काही गाड्यांत सेन्सरचा कनेक्टर इंजिनच्या मागे, फायरवॉलजवळ असतो आणि हात पोचवताना जीव मेटाकुटीला येतो. मागच्या सेन्सरसाठी तर गाडीखाली जावं लागतं, ते जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही करू नका, रॅम्प किंवा पक्के स्टँड हवेत. साध्या मीटरचा आकडाही सेकंदाला दोन-चार वेळाच बदलतो, त्यामुळे पी ०१३३, म्हणजे सेन्सर सुस्तावल्याचा कोड, मीटरवर पक्का ठरवता येत नाही. त्याला ऑसिलोस्कोपच हवा. मिन-मॅक्स बटण असलेला मीटर घेतला तर सेन्सर वर-खाली कुठपर्यंत जातो एवढं तरी कळतं.

शिवाय दोन पथ्यं आहेत. ओहमची रेंज फक्त हीटरच्या वायरींवर लावायची, सिग्नलवर कधीच नाही. आणि वायरीचं आवरण टोचायचं नाही. पाणी शिरतं हे एक, पण बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच मिळते हे फार जणांना माहीत नसतं.

एक चाचणी दोन्हींवर होते आणि ती जरूर करा. सेन्सर सतत लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) दाखवतोय, त्याचाच पी ०१७१ कोड आलाय, तर ॲक्सिलरेटरला एक झटका द्या. व्होल्टेज लगेच ०.८ च्या वर गेला आणि पाय काढल्यावर खाली आला, तर सेन्सर खरं बोलतोय. दोष दुसरीकडे शोधा: फाटलेला व्हॅक्यूम होज, किंवा सेन्सरच्या आधी गळका एक्झॉस्ट गास्केट, ज्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. मीटरवर ही उडी जास्त स्पष्ट दिसते असा माझा अनुभव आहे, तुमच्या डोंगलवर कदाचित वेगळं असेल.

गॅरेजचा मोठा स्कॅनर या दोन्हींपेक्षा सरस असतो यात वाद नाही. पण गाडी चालवत गॅरेजला नेली की इंजिन तापलेलंच पोचतं. थंड स्टार्टचा दोष दाखवायचा असेल तर गाडी रात्रभर तिथेच ठेवायला लागते आणि सकाळी तुमच्याआधी कोणी चालू करणार नाही हे बजावून यावं लागतं.

गाडीत सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर तपासणी पेट्रोलवर चालवून करा. काही किटमध्ये सेन्सरच्या वायरीत इम्युलेटर, म्हणजे सेन्सरसारखा बनावट सिग्नल देणारं सर्किट, जोडलेला असतो. मग डोंगलवर दिसणारा आकडा सेन्सरचा की इम्युलेटरचा हे सांगता येत नाही. मीटर थेट सेन्सरच्या कनेक्टरवर लावला तर ही शंका राहत नाही.

माझा कल पूर्ण उलटा होतो तो वाइडबँडच्या, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण मोठ्या पट्ट्यात मोजणाऱ्या सेन्सरच्या, गाडीत. पुढच्या सेन्सरला पाच वायरी दिसल्या तर तो बहुधा वाइडबँड आहे. त्याचा सिग्नल साध्या व्होल्टेजमध्ये वाचता येत नाही, तिथे मीटर हीटर तपासण्यापुरताच. अशा गाडीला सरळ डोंगल घ्या. बाकी चार वायरींच्या गाडीला मीटर घेताना इनपुट इम्पीडन्स (हा जितका जास्त, तितका मीटरचा सिग्नलवर भार कमी) १० मेगाओहम आहे ना, एवढं बघा. काट्याचा जुना ॲनालॉग मीटर सिग्नलवर लावू नका. सोबत बारीक टोकाच्या बॅक-प्रोब पिनांचा सेट आणि लांब क्रोकोडाइल क्लिप घ्या, म्हणजे वायर खिडकीतून आत घेऊन सीटवर बसून आकडा बघता येतो.