गाणाऱ्या मुलीसाठी शाळा निवडताना: धर्मसंस्थांच्या दोन शाळा आणि मंचावरची बंधने

बडोद्यातल्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका जोडप्याने गेल्या आठवड्यात माझ्यासमोर दोन शाळांचे प्रवेशअर्ज ठेवले. त्यांची मुलगी अकरा वर्षांची आहे, चार वर्षे माझ्याकडे गाणे शिकते, प्रवेशिका प्रथमची परीक्षा तिने दिलेली आहे, आणि जूनपासून सहावीसाठी तिला शाळा बदलायची आहे. एक अर्ज कॅथलिक संस्थेच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा होता, दुसरा वैष्णव संप्रदायाच्या गुरुकुलाचा. फी, अंतर आणि दहावीचे निकाल यांची तुलना वडिलांनी आधीच करून आणली होती आणि त्यात दोन्ही शाळा जवळपास बरोबरीच्या निघाल्या होत्या. मला त्यांनी एवढेच विचारले: "ताई, तिथे हिला स्टेजवर काय गाऊ देतील?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो प्रवेशाआधी विचारणारे पालक फार थोडे. बहुतेकांना उत्तर कळते ते डिसेंबरात, स्नेहसंमेलनाच्या तयारीला लागल्यावर, जेव्हा मूल शाळेची सूचना घेऊन माझ्याकडे येते: सिनेमाचे गाणे नको, गाण्याचे शब्द लिहून मंजूर करून घ्यावेत, अमुक वाद्य आणू नये. या सूचना वरवर सारख्या दिसल्या तरी त्या एका जातीच्या नसतात. काही बंधने शब्दांवर असतात, काही वाद्यांवर, आणि काही थेट गाणाऱ्यावर. निवड करताना हे भाग वेगळे ठेवावेत असे मला वाटते, कारण शब्दांच्या बंधनातून वाट काढता येते, वाद्यांच्या बंधनातून कष्टाने काढता येते, आणि गाणाऱ्यावरच बंधन असेल तर शाळा बदलण्याखेरीज फारसे काही हाती उरत नाही.

कॅथलिक शाळेत अडचण जवळजवळ नेहमी शब्दांची असते. चर्चच्या संगीताचे नियम पूर्वी वाद्यांच्या बाबतीतही कडक होते. 1903 साली पोप दहावे पायस यांनी काढलेल्या आज्ञापत्रात चर्चमध्ये पियानो आणि ढोल-झांजांना मनाई होती आणि ऑर्गनला मान होता. पुढे 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑर्गनचे स्थान कायम ठेवले, पण ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिथे ती उपासनेत सामावून घ्यावी असेही सांगितले. त्यामुळे तबला-हार्मोनियमला आज तिथे विरोध होताना मी पाहिलेला नाही. मात्र हे दोन्ही आदेश उपासनेपुरते आहेत, शाळेच्या मंचाविषयी ते काही सांगत नाहीत. वार्षिकोत्सवात कृष्णाचे पद नको असे शाळा म्हणते तेव्हा तो त्या संस्थेने आपल्या श्रद्धेला धरून घेतलेला निर्णय असतो. म्हणूनच त्यावर बोलता येते, आणि म्हणूनच तो प्रिन्सिपल बदलल्यावर बदलूही शकतो.

माझी सातवीतली एक विद्यार्थिनी अशा एका शाळेत भीमपलासी रागातला छोटा ख्याल, म्हणजे जलद लयीतली बंदिश, गाणार होती. कार्यक्रमाला सहा दिवस उरलेले असताना आम्हा दोघींना ऑफिसात बोलावले. सिस्टरांनी संपूर्ण बंदिश शांतपणे ऐकली, चाल आवडल्याचे सांगितले, मग शब्दांचा कागद पुढे ओढून एका शब्दाखाली पेन्सिलीने बारीक ठिपका दिला. शब्द होता 'श्याम'. मी काही बोलण्याआधी मुलीनेच विचारले, "मग तराणा चालेल?" तराण्यात शब्दांऐवजी 'तोम', 'तनन', 'दिर दिर' असे बोल असतात, हे तिने तिथेच दोन ओळी गाऊन दाखवले, आणि त्याला मंजुरी मिळाली. सहा दिवसांत तीनतालातला भीमपलासीचा तराणा बसवला, तो उत्तम झाला, सभागृहाने टाळ्याही दिल्या. परंतु शाळेतून परतताना रिक्षात तिने मला विचारले होते, "घरी 'श्याम' म्हटलं तर चालतं ना?" बंधन साधे होते, ते सांगणारी व्यक्ती सौम्य होती, तरीही एक शब्द अपराधाचा असल्यासारखा त्या मुलीच्या मनात राहिला होता. शब्दांच्या बंधनाची खरी किंमत ही असते आणि ती घरी बोलून फेडावी लागते. (तराण्याला निरर्थक बोल म्हणणे मला स्वतःला पटत नाही. इंदूरचे अमीर खाँसाहेब त्या बोलांमध्ये फारसी आणि सूफी अर्थ पाहत असत. तरी शाळांच्या मंचावर तराणा आणि सा-रे-ग-म या स्वरनामांनीच गायले जाणारे सरगमगीत यांना हरकत घेतल्याचे मला आठवत नाही.)

मराठी घरांसाठी अशा शाळेत आणखी एक सोय आहे आणि ती फारच कमी पालकांना ठाऊक असते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीचे अभंग आणि भजने मराठीतच लिहिली आहेत. मुलीचा गळा अभंगाला बसलेला असेल तर छंद तोच, भाषा तीच, आणि शाळेलाही मनापासून आपले वाटेल असे गाणे हाताशी असते. अर्थात ते गाणे मुलीने आनंदाने गावे, नाइलाजाने नव्हे.

या शाळेत जे मिळते तेही तोलले पाहिजे. क्वायरमध्ये, म्हणजे शाळेच्या समूहगानात, दोन-तीन स्वरपंक्ती एकाच वेळी गायल्या जातात, आणि शेजारची मुलगी वेगळा स्वर धरून असताना आपला स्वर न सोडणे ही कानाची अशी तालीम आहे जी आपल्या पद्धतीत मिळत नाही. पाच रेघांचे स्वरलेखन वाचता येऊ लागते. गळ्याबाबत थोडी काळजी घ्यावी लागते, कारण क्वायरमध्ये आवाज हलका, वरच्या अंगाने काढायला शिकवतात आणि आपल्या गाण्यातला आकार, म्हणजे 'आ' म्हणत लावलेला आवाज, मोकळा आणि भरीव हवा असतो. अकराव्या-बाराव्या वर्षी मुले दोन्ही सांभाळतात. मात्र सकाळी क्वायर आणि संध्याकाळी ख्याल असे रोज करू नये.

गुरुकुलाचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे, आणि गाण्याच्या दृष्टीने अधिक श्रीमंतही आहे. पुष्टिमार्ग या कृष्णभक्तीच्या संप्रदायातील हवेली संगीतात, म्हणजे मंदिरातल्या गायनात, दिवसभराच्या आठ दर्शनांना वेळेप्रमाणे राग ठरलेले असतात, सूरदास, कुंभनदास, नंददास अशा अष्टछाप म्हणजे संप्रदायाच्या आठ कवींची पदे असतात, चौताल आणि धमार हे ताल पखावजावर वाजतात. स्वामिनारायण संप्रदायात प्रेमानंद स्वामी आणि ब्रह्मानंद स्वामी यांची शेकडो पदे रागांत बांधलेली आहेत आणि गुजरातीत त्यांनाच कीर्तन म्हणतात. आपल्या हरिदासी कीर्तनाशी त्याची गल्लत करू नये. अशा वातावरणात वाढलेले मूल कोणती वेळ कोणत्या रागाची हे पुस्तक न उघडता शिकते. माझ्याकडे पखावजाच्या जोडीने गाणारा एक मुलगा आहे. चौदा मात्रांचा धमार तो हाताने टाळी-खाली देत असा सहज मोजतो की परीक्षेला बसलेल्या मोठ्या मुलांना ते जमत नाही. हे त्याला मी शिकवलेले नाही, त्याच्या गुरुकुलाने शिकवले आहे.

आता तिथली बंधने. पहिले म्हणजे शृंगार. 'पिया', 'सैंया', 'बालम' हे शब्द आले की कागद परत येतो. छोट्या ख्यालांच्या पुष्कळ बंदिशी अशाच शब्दांच्या असतात, त्यामुळे परीक्षेसाठी जे बसवले ते शाळेत गाता येत नाही. कबीर आणि मीरा यांनी देवालाच पिया म्हटले आहे हे मी एकदा एका शिक्षकांना समजावून पाहिले. ते त्यांना पटले, पण निर्णय त्यांच्या हाती नव्हता. दुसरे बंधन मराठी माणसाला अधिक लागते. एका ठिकाणी तुकोबांचा अभंग नाकारला गेला, तो अन्य धर्माचा होता म्हणून नव्हे, तर आपल्या संप्रदायाच्या संतांचा नव्हता म्हणून. विठ्ठल हा कृष्णच, हे सांगूनही उपयोग झाला नाही. बडोद्यात तीन-चार पिढ्या राहिलेल्या कुटुंबाचा मराठीशी जो धागा उरतो तो बहुतेक वेळा अभंगाचाच असतो, आणि तो मंचावरून काढून घेतला की घरातल्या आजी-आजोबांना ते फार लागते. काही परंपरांत तर पद हे सेवेसाठी आहे, प्रेक्षकांसाठी नाही, अशी भूमिका असते. ती समजण्यासारखी आहे, पण मग मुलाला मंच मिळत नाही.

तिसरे बंधन मुलींसाठी निर्णायक ठरते. स्वामिनारायण संप्रदायाच्या साधूंना स्त्रीसंपर्क टाळण्याचे व्रत आहे. जिथे साधूंच्या उपस्थितीत समारंभ होतो तिथे मुलींचे गाणे त्या मंचावर नसते. ते वेगळ्या दिवशी, बायकांपुढे होते किंवा होतच नाही. संप्रदायाच्या व्रताचा मला आदर आहे. त्याचबरोबर अकरा वर्षांच्या मुलीला सहा-सात वर्षे मुख्य मंच मिळणार नाही, ही गोष्ट तिच्या पालकांना अर्ज भरण्याआधी कळली पाहिजे, असेही मला तितक्याच ठामपणे वाटते.

मुस्लिम ट्रस्टच्या शाळेविषयीही पालक विचारतात. तिथे अडचण मुख्यतः वाद्यांची असते. अनेक उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, मते डफासारख्या दफखेरीज वाद्ये वर्ज्य आहेत, त्यामुळे हम्द (अल्लाची स्तुती) आणि नात (पैगंबरांची स्तुती) नुसत्या आवाजात किंवा दफाच्या साथीने म्हटल्या जातात. वाद्याच्या आधाराशिवाय सुरात राहण्याची त्यात चांगली सवय लागते, पण तबल्यासोबत गाण्याचा सराव शाळेबाहेर करावा लागतो. चिश्ती या सूफी परंपरेतील समा (भक्तिसंगीताची मैफल) आणि कव्वाली यांना वाद्ये चालतात, तेव्हा सर्व संस्थांना एकच नियम लागू आहे असे समजू नये.

धर्मसंस्थेशी संबंध नसलेल्या खासगी शाळेत कसलेच बंधन नसते, असे वडिलांना वाटत होते. गाणेच नसते, हे मी त्यांना सांगितले. ट्रॅक लावून त्यावर नाच बसवला जातो आणि गाणारी मुले बॅकस्टेजला उभी राहतात.

या गावात हा प्रश्न पडावा याचे मला वाईट वाटते. 1886 साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी इथे संगीतशाळा काढली, सर्वांना शिकता यावे म्हणून स्वरलेखन तयार केले आणि पाठ्यपुस्तके लिहिली. तीच शाळा वाढत आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली आहे. 1916 ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद पंडित भातखंड्यांनी बडोद्यातच भरवली. दरबारगायक फैयाज खाँसाहेब कृष्णाची पदे गात आणि ऐकणारे कोणीही गाणाऱ्याचा धर्म विचारत नसत.

कायद्याचा आधार किती, हेही स्पष्ट असावे. राज्यघटनेच्या कलम 30(1) प्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क आहे, त्यामुळे आमच्या मंचावर अमुक गाणे नको असे म्हणणाऱ्या शाळेशी भांडून बहुधा काही साधत नाही. मात्र कलम 28(3) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. न गाण्याच्या हक्काविषयी सर्वोच्च न्यायालयाचा 1986 चा बिजो इमॅन्युएल खटल्याचा निकाल महत्त्वाचा आहे: केरळातील तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत, म्हणून शाळेने त्यांना काढले होते, न्यायालयाने त्यांना परत घ्यायला सांगितले. थोडक्यात, शाळा गाणे नाकारू शकते, लादू शकत नाही. प्रवेशअर्जातच प्रार्थनेला संमती असल्याचे छापलेले असेल तर ती ओळ सही करण्याआधी वाचावी.

त्या जोडप्याला मी माझे मत दिले. मुलगा असता तर मी गुरुकुल सुचवले असते, कारण राग आणि तालाचे एवढे शिक्षण शाळेच्या वेळेत दुसरीकडे मिळत नाही, आणि अभंग त्याला माझ्याकडे शिकता आला असता. या मुलीसाठी कॅथलिक शाळा बरी, मात्र आधी प्रिन्सिपलांना भेटून सांगावे की मुलगी हिंदुस्थानी संगीत शिकते, आणि तबल्याच्या साथीने तराणा, सरगमगीत किंवा टिळकांचा अभंग चालेल का हे विचारून घ्यावे. उत्तर तोंडी मिळाले तर त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवावे. दोन्ही शाळांकडून मागच्या तीन वर्षांच्या स्नेहसंमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका मागवाव्यात आणि त्यात मुलींनी, साथीला वाद्य घेऊन, स्वतः गायलेली गाणी किती होती ते मोजावे. आईने कालच फोन केला होता. एका शाळेच्या पत्रिका मिळाल्या आहेत, दुसरीने सोमवारी बोलावले आहे, आणि अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.